घरच्या ओव्हनमधील केक आणि हवेचा दाब

मुंबईत उत्तम फुगणारा केक बेंगळुरूस भाजला असता कधी कधी मधोमध बसतो. जिन्नस तेच, मापे तीच, करणारा हातही तोच. तरी कडा उंच राहतात आणि मध्ये खळगा पडतो. दोष बहुधा मैद्याला किंवा अंड्यांना दिला जातो. खरे कारण पुष्कळदा हवेत असते.

दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगर ही वसाहत समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच पठारावर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असतो आणि पाणी १०० अंश सेल्सिअसऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते. हा फरक अल्प दिसतो. भात शिजविताना तो ध्यानातही येत नाही. केकला मात्र तो पुरतो.

बेकिंग पावडरीत खाण्याचा सोडा व कोरडे आम्ल एकत्र असतात. ओलावा आणि उष्णता मिळताच त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. हा वायू नवे बुडबुडे सहसा निर्माण करीत नाही. लोणी आणि साखर फेसताना जे सूक्ष्म बुडबुडे मिश्रणात कोंडले जातात, त्यांतच तो शिरतो व त्यांना मोठे करतो. म्हणून फेसण्याचे काम कंटाळून अर्धवट सोडणे महागात पडते. पुढे वाफही त्यांना ताणू लागते. त्याच वेळी अंड्यांतील प्रथिने गोठतात, मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि बुडबुड्यांच्या भिंती घट्ट होतात. भिंती घट्ट होण्यापूर्वीच बुडबुडे अति ताणले गेले, तर ते फुटून एकमेकांत मिसळतात व केक बसतो. विरळ हवेत वायूला विरोध कमी होत असल्याने तेवढ्याच पावडरीने हा ताण लवकर येतो.

यास्तव जे. पी. नगरासारख्या ठिकाणी दर चहाच्या चमच्यामागे पावडर सुमारे एक अष्टमांशाने कमी घ्यावी. साखर स्टार्चच्या फुगण्यास विलंब लावते. तीही दर कपामागे एका मोठ्या चमच्यापर्यंत कमी करता येते. ओलावा लवकर उडत असल्यामुळे दूध एक-दोन मोठे चमचे वाढवावे. हे बदल एकदम न करता एकेक करून पाहावेत, आणि वाटीऐवजी तराजू वापरावा. प्रत्येक घरची वाटी निराळी असते. नानकटाईला उंचीची बाधा फारशी होत नाही, कारण तिच्यात पाणी थोडे असते व तिला केकइतके फुगावयाचे नसते.

तथापि सारा दोष हवेवर ढकलणेही योग्य नव्हे. घरगुती ओव्हनची तार सतत तापलेली नसते. ती आळीपाळीने चालू व बंद होते. त्यामुळे बटणावर १८० अंश लिहिलेले असले, तरी आतील तापमान तेवढेच असेल असे नाही. जाळीवर ठेवावयाचा साधा तापमापक ही शंका दूर करतो. दार वारंवार उघडल्यास गरम हवा बाहेर जाते, आणि अर्धवट गोठलेला केक त्यानेही बसू शकतो.

वरचा तांबूस रंग पाहून केक झाला असे समजू नये. पृष्ठभाग कोरडा होऊन पुष्कळ तापतो, म्हणून तो रंगतो. आतील ओला भाग मात्र पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. मध्यभागी खुपसलेली बारीक काडी कोरडी बाहेर आली, म्हणजे केक बाहेर काढावा आणि थोड्या वेळाने जाळीवर उपडा करावा. भांड्यातच राहिल्यास वाफेने त्याचा तळ ओला होतो.