उरफाटं की उफराटं?

प्रश्न : आमच्याकडं घरातली म्हातारी माणसं पोरांना ‘उरफाटं वागू नको’ म्हणतात. पुस्तकात मात्र ‘उफराटे’ दिसतं. आमचा शब्द चुकीचा आहे का? आणि ‘उलट’ व ‘उरफाटं’ यांचा अर्थ एकच का?
— एक वाचक, रेणापूर (जि. लातूर)

उत्तर : चुकीचा मुळीच नाही. एकाच शब्दाची ही दोन रूपं. फ आणि र यांनी आपसात जागा बदलली, एवढंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. ‘चिकटवणे’चं ‘चिटकवणे’, ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ असंच होतं. संस्कृतातली वाराणसी प्राकृतात ‘वाणारसी’ झाली, त्यातूनच बनारस आलं. त्या नावाला कुणी अशुद्ध म्हणत नाही.

अर्थाचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. ‘पोरगं उलट बोलतं’ म्हणजे मोठ्यांच्या शब्दाला शब्द देतं. इथं समोर कुणीतरी बोललेलं असावं लागतं. ‘उरफाटं बोलतं’ म्हणताना तशी गरज नाही. सरळ गोष्ट ते फिरवून, भलत्याच टोकाकडून सांगतं. उरफाटं वागणं ताडून पाहिलं जातं ते रीतीशी. म्हणूनच त्यात दरवेळी खोडी असतेच असं नाही. दीड वर्षाच्या लेकरानं चपला उरफाट्या घातल्या तर घरातले हसतात, रागावत नाहीत. हेतू दाखवायचा असेल तर मराठी माणूस वेगळा शब्द जोडतो : ‘मुद्दाम उरफाटं करतो.’ इथं ‘मुद्दाम’ फालतू नाही. आळ त्या शब्दात आहे.

‘ज्ञानेश्वरी’च्या पंधराव्या अध्यायातला संसारवृक्षही असाच उफराटा : मूळ वर, फांद्या खाली. तिथं दोष कुणावरच नाही, फक्त नेहमीचा क्रम फिरला आहे.

वापरताना एक ध्यानात ठेवा. ‘उलट’ बदलत नाही : तो उलट बोलतो, ती उलट बोलते. ‘उरफाटं’ मात्र क्रियेबद्दल सांगत असूनही कर्त्याचं लिंग घेऊ शकतं : तो उरफाटा चालतो, ती उरफाटी चालते, वासरू उरफाटं चालतं. ‘चांगला गातो, चांगली गाते’ यासारखंच हे सविकारी क्रियाविशेषण आहे.

सरकारी अर्जात ‘उलट’, ‘विरुद्ध’ लिहा. पण पत्रात, गोष्टीत, घरातल्या माणसांच्या आठवणी लिहिताना ‘उरफाटं’च ठेवा. तिथं ‘उफराटे’ अशी दुरुस्ती केली, तर बोलणारं माणूस रेणापूरचं राहणार नाही.