प्रोजेक्टर कुठे ठेवावा?



आपल्या जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की तमाशा आलाच. नारायणगावला तर तमाशाची पंढरीच म्हणतात. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून आणखी एक तंबू लागत असे, तो सिनेमाचा. त्याला टुरिंग टॉकीज म्हणत. मशीन लॉरीत, समोर पांढरा पडदा आणि मध्ये जमिनीवर बसलेले गावकरी. पुढे रिळाची मशीने गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले. आता असे तंबू थोडेच उरलेत. पण तंबू असो, थिएटर असो की शाळेचा वर्ग असो, प्रोजेक्टर मांडण्याचे नियम एकच. ते आज शिकू या.

डिजिटल मशीनमध्ये रीळ नसते. सिनेमा हार्डडिस्कवर येतो. बहुतेक मशीनच्या पोटात नखाएवढ्या चकतीवर लाखो बारीक आरसे असतात. '२के' जातीच्या चकतीवर २०४८ × १०८० म्हणजे २२ लाखांहून जास्त आरसे! त्यांच्यावरून परतलेला उजेड भिंगातून जातो आणि पडद्यावर मोठे चित्र उमटते.

१) अंतर. प्रत्येक भिंगाला एक आकडा असतो. मशीनचे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, म्हणजे तो आकडा. भिंगाचा आकडा २ आणि पडदा २० फूट रुंद असेल, तर २ × २० = ४० फुटांवर मशीन ठेवावे. मशीनची खोली ६० फुटांवरच बांधलेली असेल, तर ३ आकड्याचे भिंग लागेल. म्हणून आधी टेप धरावी, मग भिंग आणावे. तेच मशीन दुप्पट लांब नेले की चित्र दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच होते. तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून चित्र फिके पडते.

२) उंची आणि मध्य. भिंग पडद्याच्या मध्यासमोर आणि माणसांच्या डोक्यांवरून हवे, नाहीतर मध्येच कुणी उठला की पडद्यावर त्याची सावली! मशीन खाली ठेवून तोंड वर केले, तर चित्राची वरची बाजू रुंद होते. आयताचा समलंब चौकोन होतो. मशीनवर हा दोष काढायचे बटण असते. पण ते दाबले की काही आरसे रिकामे राहतात, चित्राचा बारकावा आणि उजेड दोन्ही कमी होतात. चांगल्या मशीनचे भिंगच वर-खाली सरकवता येते. तेव्हा जागा नीट निवडणे हेच खरे.

३) बैठक. मशीन भक्कम स्टँडवर, पाणसळ लावून ठेवावे. ४० फुटांवर मशीन फक्त १ अंश कलले, तरी चित्र सुमारे ८ इंच सरकते! तंबूवाल्याला तर गावोगावी जमीन नवी. एका गावी मुरूम, दुसऱ्या गावी नांगरट. माप रोज नव्याने घ्यावे लागे.

४) हवा आणि वीज. मशीनमधला दिवा फार तापतो. गरम हवा बाहेर जायला वाट ठेवावी आणि जाळीवरची धूळ पुसावी. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच मशीन जोडावे. खेळ संपला तरी दिवा निवेपर्यंत पंखा चालू द्यावा. वायर माणसांच्या वाटेत पडू देऊ नये. अंधारात पाय अडकला तर माणूसही पडेल आणि मशीनही.

ध्यानात ठेवा : चालू प्रोजेक्टरच्या भिंगात कधीही डोकावू नका. उजेड इतका प्रखर असतो की डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लहान भावंडांनाही सांगा बरं का!

करून पाहा : अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून एक हात अंतरावर बॅटरी धरा. उजेडाचे वर्तुळ खडूने आखा. मग दोन हातांवर धरून पुन्हा आखा. वर्तुळ किती वाढले? उजेड कसा दिसला? आता बॅटरी तिरपी धरा. वर्तुळाचे काय झाले?

सांगा पाहू : पडदा १५ फूट रुंद आहे आणि भिंगाचा आकडा २ आहे. मशीन किती फुटांवर ठेवाल? उत्तर वर्गाच्या फळ्यावर लिहा.

घरी विचारा : आजी-आजोबांनी तंबूतला सिनेमा पाहिला होता का? कोणत्या यात्रेत? मशीन कुठे ठेवलेले असे? त्यांनी सांगितलेले चार ओळीत लिहून आणा. आपण ते याच भिंतीवर लावू.