देवडीवरील पहारेकरी

नाशिकच्या जुन्या पेठांत जे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांचे दरवाजे आमच्या वाचकांनी पाहिलेच असतील. मोठी कवाडे बहुधा लावलेली असत. नित्याची ये-जा त्यांतील लहानशा दिंडीतून चाले, आणि कोणास आत घ्यावे हे देवडीवर बसलेला पहारेकरी पाही. हल्ली घरोघरी व कचेऱ्यांतून राउटर नामक जी पेटी इंटरनेट आत आणते, तिच्यातही असाच एक पहारेकरी असतो. त्यास फायरवॉल म्हणतात. ‘आगीची भिंत’ हा त्याचा शब्दार्थ आम्हांस फारसा रुचत नाही. भिंत काही विचारपूस करीत नाही, आणि याचे तर सारे काम विचारपुशीचेच.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर ते कोणाकडून आले, कोणाकडे निघाले व कोणत्या पोर्टावर उतरणार, हे लिहिलेले असते. पोर्ट म्हणजे दिंडीचा क्रमांक होय. सुरक्षित संकेतस्थळांचा 443, विंडोजमधील फायलींच्या देवघेवीचा 445. घरगुती राउटर सहसा आतून बाहेर जाणाऱ्यास अडवीत नाही. बाहेरून आपण होऊन येणाऱ्यास मात्र अडवितो. आतून कोणी प्रश्न पाठविला असेल, तर त्याचे उत्तर तो ओळखून आत घेतो.

याहून अधिक बंदोबस्त हवा असल्यास नियम लिहावे लागतात, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. पहारेकरी बहुतेक राउटरांत यादी वरून खाली वाचतो व जो नियम प्रथम लागू पडेल तो पाळून थांबतो. समजा, पहिल्या ओळीत ‘घरातील सर्व यंत्रांस सदैव परवानगी’ असे आहे, आणि पालकांनी तिच्या खाली ‘मुलाच्या टॅबलेटास रात्री 10 ते सकाळी 6 मनाई’ असे लिहिले. ही दुसरी ओळ कधी वाचलीच जाणार नाही. टॅबलेट रात्रभर चालेल, आणि बिचाऱ्या राउटरास दोष लागेल. म्हणून विशिष्ट नियम वर व सर्वसाधारण नियम खाली ठेवावा. (मुले चतुर असतात! टॅबलेटाने आपला यंत्र-पत्ता बदलला, तर त्या पत्त्यावर लिहिलेली मनाईही निष्फळ होते. ‘खासगी पत्ता’ ही त्यातील सोय घरच्या वाय-फायपुरती बंद करावी.)

बाहेरून आत येण्याचे नियम याहून नाजूक. दुकानातील कॅमेरा घरी बसून पाहता यावा म्हणून बसविणारा एखादे पोर्ट उघडून जातो. ते साऱ्या जगास उघडे असते, आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातील परवलीचा शब्द तोच राहिलेला असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नामक उपद्रवी प्रणालीने असेच कॅमेरे व राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते.

तथापि बाहेरचे दार लावल्याने सर्व काही साधत नाही. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नामक उपद्रवाने जगभर थैमान घातले. त्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलाचे कामकाज ठप्प झाले. हा उपद्रव प्रथम शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीतून, म्हणजे ज्यास आत घेण्याचा परवाना होता अशा पाहुण्याबरोबर; आणि मग आतल्या आत, 445 सारख्या पोर्टांतून, यंत्रामागून यंत्र घेत गेला. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे महाद्वार ओलांडल्यावरही बालेकिल्ल्याचे दार निराळे असे, ते याचसाठी. घरीदेखील टीव्ही, कॅमेरे व पाहुण्यांचे फोन यांस राउटरातील ‘गेस्ट’ जाळ्यावर ठेवावे. हिशेबाचा संगणक त्यांच्या शेजारी नसावा.

नियम लिहून झाल्यावर फोनचा वाय-फाय बंद करावा आणि मोबाइल डेटावरून आपल्याच घराच्या बाहेरील पत्त्यावर कॅमेऱ्याचे पान उघडते का, ते पाहावे. उघडल्यास राउटरातील ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची यादी काढावी, आणि ‘यूपीएनपी’ही पाहावे, त्या सोयीने घरातील यंत्रे मालकास न विचारता दिंड्या उघडीत असतात.