मीटरचा आकडा आणि गाडीचं खरं वय

सख्यांनो, गटानं कर्ज काढून दूध-भाजी वाहायला जुना टेम्पो घ्यायचा, हा विषय आता बऱ्याच बैठकांत निघतो. सही आपण करणार, हप्ता आपण फेडणार, आणि गाडी बघायला मात्र घरचे पुरुष जाणार. म्हणून या वेळचा पाठ गाडीवर.

गाडी जन्मभरात किती पळते? हिशोब करून बघू. इस्लामपूरहून सांगलीची एक फेरी आणि थोडं इकडं-तिकडं, असे रोजचे 80 किलोमीटर धरा. महिन्यात 25 दिवस म्हणजे 2,000, वर्षात 24,000. पृथ्वीभोवतीची फेरी सुमारे 40,000 किलोमीटरची. ती आपला टेम्पो दोन वर्षांच्या आतच मारतो. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर लांब आहे. म्हणजे बरोबर 16 वर्षांत टेम्पो चंद्रावर!

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे शिक्षक होते. त्यांनी 1966 साली घेतलेली व्होल्वो मोटार 2013 पर्यंत 30 लाख मैल पळाली, म्हणजे 48 लाख किलोमीटर. मध्ये इंजिन खोलून बांधावं लागलंच, पण ऑइल वेळच्या वेळी बदलणं त्यांनी कधी चुकवलं नाही.

इंजिन झिजतं ते पळण्यानं कमी, हेळसांडीनं जास्त. आत लोखंडावर लोखंड घासतं, मध्ये असतो तो ऑइलचा पातळ थर. ऑइल जुनं झालं की तो थर कामाचा राहत नाही. एअर फिल्टर फाटका असेल तर फुफाटा आत जातो आणि पॉलिश पेपरसारखा रिंगा-लायनर खातो. उसाच्या हंगामात शेतातून ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा फिल्टर एकदा उघडून बघा, चहाच्या चाळणीतला चोथा बरा वाटेल.

आता मीटर. आठ वर्षं धंद्यात असलेला टेम्पो 60,000 दाखवत असेल, तर आपल्याच हिशोबानं तो 1,92,000 च्या आसपास पाहिजे. मग ताई, विचारा: मीटर बंद होता, बदलला, की फिरवला? उत्तर गोलगोल आलं तर पेडलचं रबर बघा. 60,000 ला ते सपाट होत नाही. सर्व्हिसच्या पावत्या मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

ट्रॅक्टरला किलोमीटर बघून उपयोग नाही, तिथं तास मोजतात. नांगरताना तो दिवसभर जागच्या जागीच फिरतो, पण इंजिन चालूच असतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन तर एक पाऊलही पुढं जात नाही, तरी म्हातारं होतंच की!

भाडं ठरवताना आपण फक्त डिझेल धरतो, तिथं गट बुडतो. समजा टेम्पो 3 लाखांना घेतला, 1 लाख किलोमीटर वापरला आणि 1 लाखाला विकला. 2 लाख रुपये 1 लाख किलोमीटरमध्ये गेले, म्हणजे किलोमीटरमागं 2 रुपये नुसती गाडीची झीज. डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार वेगळा. रोजच्या 80 किलोमीटरला हे 160 रुपये बाजूला पडले नाहीत, तर पुढची गाडी पुन्हा कर्जानंच येणार.

गाडी बघायला जाल तेव्हा ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा; आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, कदाचित फिल्टरच तुंबला असेल, तो खर्च कमी. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली तर पाणी मिसळल्याचा संशय, सौदा तिथंच थांबवा. आणि आरसी, विमा, फिटनेसची तारीख स्वतः वाचा. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षी करावा लागतो, तो खर्चही ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.