बॅटरीवरील खोदयंत्र आणि उन्हाळा

शेततळें, चर किंवा बांधबंदिस्ती यांसाठीं जेसीबी अथवा पोकलेन भाड्यानें आणण्याचा प्रघात आतां गांवोगांव पडला आहे. डिझेलऐवजीं बॅटरीवर चालणारीं लहान खोदयंत्रेंही निघालीं असून, इंग्लंडांतील जेसीबी कारखान्याच्या अशा यंत्रास २०२० सालीं तेथील मॅकरॉबर्ट पारितोषिक मिळालें. असें यंत्र घेऊं इच्छिणाऱ्या बागाइतदारानें किंमतीच्या आधीं उष्णतेचा विचार करावा, असें आमचें मत आहे.

सदर यंत्राचें वजन सुमारें दोन टन असून त्याच्या बॅटरींत सुमारें २० युनिट वीज मावते. एक लिटर डिझेलांत जवळजवळ १० युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे भरलेली बॅटरी ही अवघें दोन लिटर डिझेल! परंतु एंजिन त्यांतील फार तर तिसरा हिस्सा कामीं लावतें; बाकीचा धूर व रेडिएटर यांवाटे उधळतो. विजेची मोटर दहांपैकीं सुमारें नऊ हिस्से कामीं लावते. म्हणून तीं २० युनिटें पांच-साडेपांच लिटर डिझेलाची बरोबरी करितात. शिवाय ट्रॉलीची वाट पाहतांना मोटर थांबवितां येते. एंजिन मात्र बहुधा चालूच ठेवतात.

तरी सांठा मोजकाच. विजेचा प्रवाह दुप्पट झाला कीं तारांत व बॅटरींत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. कठीण मुरुमांत बकेट अडली असतां चालकानें लिव्हर तसाच ओढून धरला, तर तेल दाबाच्या झडपेवरून टाकींत परत जातें. माती तसूभर हलत नाहीं आणि शक्ति तेल तापविण्यांत जाते. पातळ थर काढणारा चालक येथें अर्धी लढाई जिंकतो.

लिथियमच्या बॅटरीस साधारण १५ ते ३५ अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. हवाच ४५ अंशांची असेल तर नुसता पंखा बॅटरीस त्याहून थंड कसा करणार? त्यास शीतयंत्रच पाहिजे, आणि तेंही त्याच बॅटरीची वीज खातें. फार तापल्यास यंत्र आपण होऊन जोर कमी करितें. खरें नुकसान त्याहून मोठें आहे: सतत तापणाऱ्या बॅटरीची धारणशक्ति कायमची घटते, आणि बॅटरी हाच या यंत्राचा अत्यंत महाग भाग होय.

यास्तव उन्हाळ्यांत काम पहांटे उरकावें. थांबल्याबरोबर चार्जिंगला लावूं नये; सावलींत निवूं द्यावें. कडब्याच्या गंजीशेजारीं तर कधींच लावूं नये. रेडिएटरच्या जाळींत बसलेला धुरळा रोज हवेनें झाडावा. पावसाळ्यांत यंत्र पडून राहणार असेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. पूर्ण भरलेली अधिक झिजते.

फळबाग, गोठा, पॉलीहाऊस अशा आटोपशीर जागीं हें यंत्र आम्हांस पसंत आहे. मोठ्या शेततळ्याचें सलग काम मात्र अशा लहान यंत्राच्या आवांक्यांतलें नव्हे. तेथें डिझेलचें मोठें पोकलेनच लावावें. विक्रेत्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: बॅटरी वाऱ्यानें थंड होते कीं शीतद्रवानें, आणि किती अंशांपर्यंतच्या हवेंत पूर्ण काम देण्याची हमी आहे? उत्तर लेखी घ्यावें.