शेवटचे स्थानक

आगगाडीच्या बहुतेक स्थानकांत रूळ एका बाजूने येतात व दुसऱ्या बाजूने पुढे जातात. परंतु काही थोडी स्थानके अशी असतात की, तेथे रूळ संपतात आणि आलेल्या गाडीला आल्या वाटेनेच परतावे लागते. अशा स्थानकास अंत्य स्थानक म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात असे एक स्थानक आहे. त्याचे नाव साईनगर शिर्डी.

मुंबईस बोरीबंदरला रूळ संपतात, कारण जवळच समुद्र आहे. शिर्डीपुढे समुद्र नाही, की डोंगर नाही. तेथे मार्ग संपतो, कारण येणाऱ्या बहुतेक प्रवाशांस पुढे जावयाचेच नसते. साईबाबांच्या समाधीचे दर्शन हाच त्यांच्या प्रवासाचा शेवट होय.

हा मार्ग होण्यास मात्र फार काळ लागला. मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १८७८ साली, दौंड ते मनमाड हा लोहमार्ग सुरू झाला. तो पुणतांबे व कोपरगाव या गावांजवळून गेला. काही कोसांवरील शिर्डी तेव्हा लहानसे खेडे होते. आगगाडीने तिकडे वळावे, असे कारण नव्हते. पुढे साईबाबांची कीर्ती पसरली आणि दूरदूरचे भक्त येऊ लागले. मुंबईचे भक्त कोपरगावास उतरत, गोदावरी ओलांडत आणि उरलेली वाट टांग्याने काटीत. १९१८ साली विजयादशमीस बाबांनी देह ठेवला. त्यानंतरही यात्रेकरूंची रीघ थांबली नाही. ती वाढतच गेली. टांग्यांची जागा मोटारींनी घेतली, तरी आगगाडी दूरच राहिली.

अखेर पुणतांब्याहून सुमारे १६ किलोमीटरांची शाखा टाकण्यात आली. पुणतांबे हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरील जुने गाव असून तेथे चांगदेवांची समाधी आहे. २००९ साली शिर्डीचे स्थानक सुरू झाले. मुख्य मार्ग झाल्यापासून सुमारे १३० वर्षांनी आगगाडी भक्तांच्या मागोमाग आली! आता चेन्नई, तिरुपती, विशाखापट्टणम अशा दूरच्या शहरांतूनही गाड्या येथे येतात. अंत्य स्थानकात कामेही पुष्कळ असतात. डबे झाडावयाचे, पाणी भरावयाचे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावयाचे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून शिर्डीस सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ गाडीस मात्र हे शेवटचे काम करावे लागत नाही. तिच्या दोन्ही टोकांस चालकाची जागा आहे.

यात्रेकरूंसाठी झालेली अशी स्थानके अन्य देशांतही आहेत. जपानमध्ये इझुमो येथे एक अतिप्राचीन देवस्थान आहे. वर्षातील एका महिन्यात देशातील सारे देव तेथे जमतात, अशी जपानी लोकांची श्रद्धा आहे. तेथील यात्रेकरूंसाठी १९१२ साली साडेसात किलोमीटरांची एक शाखा काढण्यात आली. तिच्या शेवटच्या स्थानकाचे नाव ताइशा. १९२४ साली तेथे देवालयाच्या धर्तीवर लाकडी इमारत उभारली गेली. दूरच्या शहरांतून थेट गाड्या येऊ लागल्या व फलाट गजबजून गेले. पुढे मोटारी वाढल्या. यात्रा चालूच राहिली. परंतु यात्रेकरू रस्त्याने येऊ लागले. १९९० साली ही शाखा बंद झाली. जपानने ती सुंदर इमारत राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केली आहे. फलाट आहे, रूळ आहेत, वाफेचे एक इंजिनही ठेवले आहे. गाडी मात्र येत नाही. त्याच देवस्थानाजवळ दुसऱ्या एका लहान कंपनीचा लोहमार्ग आहे. तो मात्र अद्याप चालू आहे.

शिर्डीलाही आज दुसऱ्या वाटा आहेत. २०१७ साली काकडी येथे विमानतळ झाला. २०२२ साली नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा भाग खुला झाला. आगगाडी मात्र थोड्या खर्चात शेकडो माणसे एकाच वेळी आणते. विमानाचे भाडे ज्यास परवडत नाही, स्वतःची मोटार ज्याच्यापाशी नाही, अशा वृद्ध व गरीब यात्रेकरूचा तीच मोठा आधार आहे. ताइशाची इमारत शासनाने राखली. परंतु स्थानक जिवंत राहते ते प्रवाशांच्या येण्याजाण्याने. ज्या भक्तांमुळे शिर्डीस रूळ आले, त्यांच्याच पावलांवर त्या रुळांचे आयुष्यही अवलंबून आहे.

स्वाध्याय
१. मुंबई व शिर्डी येथे रूळ संपण्याची कारणे कशी भिन्न आहेत?
२. ताइशाची यात्रा चालू असूनही तेथील शाखा का बंद झाली?
३. तुमच्या जवळच्या स्थानकाची माहिती वडील माणसांस विचारून लिहा.