चाकावरचा तांबूस थर : ही धूळ नव्हे, लोखंड आहे

इटियाडोहला पाहुण्यांना घेऊन जाणे आमच्या भागात नेहमीचेच. अर्जुनी-मोरगावहून गोठणगावच्या बाजूला निघाले की गाढवी नदीवरचे हे धरण लागते. गेल्या हिवाळ्यात नागपूरचे व्याही आले होते. गाडी रात्रभर दवात उभी राहिली आणि सकाळी पाहतो तो पुढच्या दोन्ही अलॉय चाकांवर तांबूस ठिपक्यांचा थर. घरी परतल्यावर गाडी धुलाईला दिली. तिथला पोरगा साबणाने घासून घासून थकला. शेवटी म्हणाला, "चाचा, डाग निघत नाही. तेजाब लावू का?" मी म्हणालो, "लाव."

फेस आला, डाग गेले आणि डागांबरोबर चाकाची चमकही गेली. रिमवर खडूसारखे पांढरे चट्टे उमटले. पोराची बोटे दोन दिवस जळत होती. दोष त्याचा नव्हता, माझा होता. आयुष्य कापड विकण्यात गेले, डाग ओळखल्याशिवाय औषध लावू नये हे शेकडो गिऱ्हाइकांना सांगितले, आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी विसरलो. म्हणून गॅरेज आणि धुलाईच्या धंद्यातील बंधूंसाठी हा विषय नीट समजून घेऊन लिहीत आहे.

मोटारीच्या पुढच्या चाकांत बहुधा डिस्क ब्रेक असतात. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कला घासतो. त्यातून पॅडची पूड निघते आणि डिस्कच्या लोखंडाचा बारीक कीसही निघतो. हा कीस गरम असतो. तो चाकाच्या वार्निशवर जाऊन बसतो, त्यात रुततो, मग दव किंवा पाण्याने गंजतो. थांबवण्याचे जास्त काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढची चाके अधिक काळवंडतात. मागे ड्रम असेल तर बरीचशी पूड ड्रमच्या आतच राहते.

म्हणजे हा डाग लोखंडाचा. कापडावर गंजाचा डाग पडला तर साबण त्याला काही करू शकत नाही. आपल्याकडचा धोबी त्यासाठी लिंबू-मीठ किंवा ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतो. चाकाचाही मामला तोच, फरक इतकाच की खाली सूत नसून अ‍ॅल्युमिनियम आहे. संडास धुण्याचे तेजाब अ‍ॅल्युमिनियमला खाते. कॉस्टिकही खाते. मर्सराइज करताना ज्या कॉस्टिकने सुताला चकाकी येते, त्याच कॉस्टिकने अ‍ॅल्युमिनियम विरघळते.

बाजारात 'आयर्न रिमूव्हर' नावाने द्रव मिळतो. त्यात बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असते. केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही हेच असते, त्यामुळे वासही तसाच, नाक धरायला लावणारा. लोखंडाला लागताच तो जांभळा होतो. नवखा माणूस तो रंग पाहून घाबरतो, पण जांभळे ओघळ म्हणजे औषधाला लोखंड सापडल्याची खूण. ओघळ आलेच नाहीत तर डाग दुसरा असावा. डांबर असेल तर फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन पुसावे आणि लगेच साबणाने धुवावे.

काम करण्याची रीत अशी. गाडी सावलीत उभी करावी आणि चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारले तर ती वाकण्याचा धोका असतो. आधी भरपूर पाण्याने मोकळी धूळ वाहू द्यावी. कोरडे फडके कधीच फिरवू नये, तो लोखंडी कीस सँडपेपरसारखा ओरखडे पाडतो. मग गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश. एवढ्याने निम्मे काम होते. जे उरेल त्यावर रबरी हातमोजे घालून द्रव फवारावा. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, साधारण तीन ते पाच मिनिटे. वाळू मात्र देऊ नये. ब्रशने हलकेच फिरवून भरपूर पाण्याने धुवावे. जुना थर एका खेपेला निघत नाही, दुसरी खेप करावी, पण तारेची घासणी उचलू नये. त्यानंतरही खरखर लागली तर क्ले बार ओला करून फिरवावा. शेवटी चाक पुसून मेण लावावे म्हणजे पुढची पूड घट्ट धरत नाही. पॉलिश केलेल्या, वार्निश नसलेल्या चाकावर आधी आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे. आणि हे औषध तेजाबात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

आणखी एक गोष्ट शागिर्दांच्या जिवाची आहे. बरेच उस्ताद ब्रेक खोलले की हवेचा पाइप मारून पूड उडवतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, आणि त्याची पूड फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी रोग उभा राहतो. लायनर कोणता हे पाहून कळत नाही. म्हणून पूड आधी ओली करावी, मग ओल्या फडक्याने पुसावी.

इटियाडोहला जाऊन काही जण गाडी थेट पाण्याच्या काठावर नेऊन धुतात. या पाण्यावर ढीवरांची मासेमारी चालते आणि कालव्याने तेच पाणी धानाच्या बांध्यांत जाते. घरी नळावर धुवावी.

धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर चाकांची ही सफाई साध्या धुलाईहून वेगळे काम आहे, त्याची मजुरी वेगळी सांगावी. द्रव महाग आहे आणि वेळ जातो, हे गिऱ्हाइकाला आधीच बोलून टाकावे. धुताना डोळेही उघडे ठेवावेत. डावे-उजवे चाक सारखे काळे असेल तर ठीक. एकच चाक फार काळे असेल आणि चालवल्यावर जास्त गरमही लागत असेल, तर बहुतेक कॅलिपर अडकला आहे, ब्रेक सुटत नाही. गिऱ्हाइकाला तसे सांगावे. ती गाडी धुलाईवाल्याकडून थेट मिस्त्रीकडे जायला हवी.

धुऊन झाले की गाडी लगेच ताब्यात देऊ नये. ओला ब्रेक सुरुवातीला कमी धरतो. मोकळ्या जागेत हळू चालवून चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबावा, डिस्क कोरडी होते आणि तिच्यावर आलेला गंजाचा पातळ पापुद्राही निघून जातो. मगच किल्ली द्यावी.